तक्रार दिली, आता पुढं काय? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या बायकांसाठी नेमकी माहिती

मलप्रभाकाठ
नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध तक्रार कुठं द्यायची हे आता बहुतेकींना ठाऊक असतं. १८१ महिलांसाठी, ११२ पोलिसांसाठी. अडतं ते त्यानंतर. तक्रार देऊन बाई माहेरी आली की दुसऱ्या आठवड्यापासून रेशन, शाळा, तारखा, पोटगी, फोन असं एकेक सुरू होतं, आणि त्याबद्दल एका जागी लिहिलेलं काही सापडत नाही. आपल्याकडं तर सोयरीक जमवताना सीमा कुणी बघत नाही. माहेर खानापूरला, सासर चंदगडला. माहेर गडहिंग्लजला, सासर निपाणीत. मोडलं की मग दोन राज्यांचे कागद पुढ्यात येतात.
धाग्याचा नियम एकच. आपबीती नको, कुणाच्या घरची गोष्ट नको, नावगाव तर नकोच. कुठला कागद, कुठली खिडकी, कुठं अडतं, का अडतं, एवढंच लिहा.

तालुका_कोर्ट
सुरुवात हद्दीपासून करतो, कारण पहिली अडवणूक तिथंच होते. "तुझं सासर महाराष्ट्रात, तिकडच्या स्टेशनला जा" असं ठाण्यात सांगितलं जातं. हे चूक आहे. रुपाली देवी खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये सांगितलं की छळामुळं घर सोडून बाई जिथं आसऱ्याला आली, तिथंही छळाची तक्रार चालते. छळाचं जुनं कलम, भारतीय दंड संहितेतलं ४९८अ, ते १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झालंय. शिवाय हद्द कुठलीही असो, फिर्याद लिहून घेऊन पुढं पाठवणं आता कायद्यानंच बंधनकारक आहे, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. तरी घेतली नाही तर तीच फिर्याद एसपींना (जिल्हा पोलीस प्रमुख) रजिस्टर पोस्टानं पाठवा, पावती जपा. बेळगाव शहर पोलीस आयुक्तांकडं येतं. खानापूर, निपाणी, चिकोडी एसपींकडं. पत्ता चुकला की टपाल फिरत बसतं.

२००५च्या घरगुती हिंसाचार कायद्याचं तर याहून सोपं आहे. कलम २७ प्रमाणं बाई तात्पुरती जिथं राहते तिथल्या जेएमएफसी (प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेट) कोर्टात अर्ज चालतो. माहेर, मावशीचं घर, भाड्याची खोली, आश्रयगृह, काहीही. आणि तिथला आदेश देशभर लागू. खानापूरचा आदेश चंदगडला चालतो.

काजूबी
वकीलसाहेब, पोलिसांत आधी की कोर्टात आधी? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

तालुका_कोर्ट
दोन्हींचं काम वेगळं, म्हणून गोंधळ. पोलीस केस ही त्याला शिक्षा व्हावी म्हणून. त्यात बाईच्या हातात पैसा येत नाही, घर येत नाही, पोरं येत नाहीत. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर लगेच अटकही सहसा होत नाही, नोटीस देऊन बोलावतात. त्यामुळं "केस घातली तरी मोकळा फिरतोय" म्हणून बाया खचतात. ती केस मेलेली नसते, तिचा वेगच तेवढा.
पोट आणि छप्पर हवं असेल तर घरगुती हिंसाचाराचा अर्ज. त्यात मागण्या कलमवार वेगळ्या लिहायच्या: १८ संरक्षण, १९ राहणं आणि स्त्रीधन, २० पैसा, २१ मुलांचा ताबा, २२ भरपाई, आणि २३ खाली हे सगळं निकालाआधी अंतरिम. इथं एक चूक नेहमी होते. वकील घाईत फक्त २० लिहितात. आदेश मोडल्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड हे कलम ३१ संरक्षण आदेशाला जोडलेलं आहे. १८ मागितलंच नसेल तर तो दारात येऊन धिंगाणा घालतो तेव्हा पोलिसांच्या हातात धरायला काही राहत नाही.
गंभीर मारहाण, जीवाची भीती असेल तर अर्थात पोलीस आधी. दोन्ही एकाच वेळी चालतात.

सीडीपीओ_ऑफिसजवळ
यात भर. कर्नाटकात या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी म्हणजे तालुक्याचे सीडीपीओ (बालविकास प्रकल्प अधिकारी), अंगणवाडीचं ऑफिस. वकील मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही, थेट तिथं जाऊन घरगुती घटना अहवाल भरून घ्या. फॉर्म छापील आहे. त्यात मारहाण, शिवीगाळ, पैसे काढून घेणं, दागिने ठेवून घेणं, कामावर जाऊ न देणं यांचे वेगळे रकाने आहेत. बाया मारहाणीचा तेवढा भरतात आणि बाकी रिकामं सोडतात. पगार काढून घेणं, रेशनला पैसे न देणं हासुद्धा हिंसाचारच, आणि पोटगी ठरवताना तोच रकाना कामाला येतो.
अहवाल नाही म्हणून अर्ज घेत नाही असं कुणी म्हटलं तर २०२२ चा प्रभा त्यागी निकाल दाखवा. अहवालाशिवायही अर्ज चालतो.
वकिलाची फी नको म्हणून मागं राहू नका. सरकारी फुकट वकिलासाठी बाईला उत्पन्नाची अट नसते. तालुका कोर्टाच्या आवारात कायदा सेवा समितीचं ऑफिस असतं, तिथं अर्ज करायचा. फोनवर १५१००. अर्जातच लिहा, "मराठी जाणणारे वकील द्यावेत". ही ओळ नसेल तर कुणीही मिळतं, आणि मग बाई अन् वकील दोघं एकमेकांकडं बघत बसतात.

वॉर्ड_नंबर_सात
दवाखान्याबद्दल. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात जा आणि केसपेपरवर एमएलसी (पोलीस केसची) नोंद करायला सांगा. "पडले" सांगितलं की पेपरवर "पडल्यामुळे" येतं, आणि दोन वर्षांनी उलटतपासणीत तोच पेपर समोर धरतात. कुणी, कशानं, कधी मारलं ते बोला. सोबत सासरचं कुणी आलं असेल तर तपासताना त्याला बाहेर थांबवायला सांगता येतं.
वळ पहिल्या दिवशी फिके दिसतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळेनिळे होतात. म्हणून फोटो दोनदा काढा. एक लांबून, चेहरा दिसेल असा. एक जवळून, शेजारी पट्टी नाहीतर नाणं ठेवून.
गळा दाबला असेल तर बाहेरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, श्वास अडखळणं, त्या वेळी लघवी सुटलेली असणं, यातलं काहीही असेल तर आधी इमर्जन्सी, मग पोलीस स्टेशन. सूज तासांनी वाढते. गळ्यावर हात गेला म्हणजे पुढच्या वेळी जीव जाण्याचा धोका कितीतरी वाढलेला असतो, हे डॉक्टरला, पोलिसाला आणि वकिलाला तिघांनाही वेगवेगळं सांगा. मार किती लागला यापेक्षा हे महत्त्वाचं.

कडबू
भाषेवर लिहितो. फिर्याद बाई मराठीत सांगते, पोलीस कन्नडमध्ये लिहितो, बाई सही करते. मधे काय गळलं ते कुणालाच कळत नाही. "केस धरून भिंतीवर आपटलं" याचं कन्नडमध्ये नुसतं "मारलं" झालेलं असतं. मग कोर्टात तिनं भिंत सांगितली की समोरचा वकील उठतो, फिर्यादीत भिंत नाही, आता रचून सांगतेय.
उपाय सोपा आहे. घरूनच मराठीत तारीखवार लिहून न्या, दोन पानांच्या आत, आणि ते फिर्यादीला जोडायला सांगा. पोचेचा शिक्का दुसऱ्या प्रतीवर घ्या. सहीआधी वाचून अर्थ मराठीत सांगायला लावा. प्रतिज्ञापत्रावर "मजकूर मला मराठीत समजावून सांगितला" ही ओळ असलीच पाहिजे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, त्याच दिवशी मागा. इथं मराठी-कन्नड वादाचा विषय काढू नका. निम्मे हवालदार घरी मराठीच बोलतात, शांतपणे सांगितलं तर ऐकतात.

आंबोळी
स्टॅम्प पेपर! याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही?
गावात पंच बसतात, शंभराच्या स्टॅम्पवर "इथून पुढं मारणार नाही" लिहून घेतात आणि बाईला परत पाठवतात. त्या कागदाला कोर्टाच्या आदेशाची ताकद नाही. तरी फेकू नका. "इथून पुढं मारणार नाही" म्हणजे आधी मारलं हे त्यानं स्वतः लिहून दिलंय. मूळ प्रत पंचांकडं राहत असेल तर फोटो काढा, साक्षीदारांच्या सह्यांसकट.
दुसरा प्रकार वाईट. स्टॅम्पवर सोडचिठ्ठी, "पोटगीवर हक्क सांगणार नाही" असं लिहून. हिंदू लग्न अशा कागदानं मोडत नाही, क्वचित एखाद्या समाजाची जुनी रूढ सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पोटगीचा हक्कही असा लिहून जात नाही. पण त्या कागदावर विसंबून बाई दुसरं लग्न करते आणि अडकते, किंवा तो करतो आणि ही दहा वर्षं गप्प बसते.

हिडकल
अक्का, पंचांना एवढं मोडीत काढू नका. कोर्टात वर्षं जातात. मुलं लहान असली की बसून मिटवलेलं बरं असतं.

आंबोळी
बसून मिटवा की, नको कोण म्हणतंय. पण कोर्टात अर्ज घालून मग मिटवा. म्हणजे अटी आदेशात येतात, आणि मोडल्या तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

दूधगंगा
आता खरा खड्डा. अर्ज झाला, तारीख पडली, आणि नोटीस बजावलीच जात नाही. कायदा म्हणतो पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत काढायचा प्रयत्न. प्रत्यक्षात महिने जातात, आणि बहुतेक वेळा कारण हेच. नोटीस राज्याबाहेर जाते, "इसम मिळून आला नाही" शेरा मारून परत येते.
परत का येते? पत्त्यात नुसतं नाव आणि गाव असतं. त्या नावाचे गावात चौघं असतात. अर्जात वडिलांचं नाव, घराजवळची खूण, कामाचं ठिकाण, मोबाईल, व्हॉट्सॲप नंबर, फोटो सगळं द्या. गावाच्या पोलीस पाटलाचं नाव कळलं तर तेही. टपालानं, पोलिसांमार्फत आणि फोनवर, अशा तिन्ही मार्गांनी बजावणी मागा. इलेक्ट्रॉनिक समन्स आता कायद्यात आहे. सासरी नोटीस घ्यायला नकार दिला तर तो शेरा तसाच लिहून यायला हवा. तीही बजावणीच, मग एकतर्फी अंतरिम आदेश मागता येतो.

त्यापुढचा खड्डा म्हणजे "मी बेकार आहे". रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) निकालानंतर दोघांनाही मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. बायका आपलं भरतात, त्याच्याकडं मागतच नाहीत. मागा. आणि त्याआधी त्याच्या जमिनीचा उतारा काढून ठेवा. महाराष्ट्रात सातबारा, इकडं पहाणी, दोन्ही ऑनलाईन मिळतात. गाडी कुणाच्या नावावर, दूध कुठल्या डेअरीला, ऊस कुठल्या कारखान्याला. त्याच निकालानं पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असं ठरलंय, म्हणून अर्ज घालायला वेळ लावला तर तेवढ्या महिन्यांचे पैसे गेले.

आपल्या भागात ज्याचा उपयोग सगळ्यात जास्त आणि करतात सगळ्यात कमी ते घरगुती हिंसाचार कायद्याचं कलम २०(६). नवरा पैसे देत नसेल तर मॅजिस्ट्रेट त्याच्या मालकाला किंवा *ज्याच्याकडून त्याला येणं आहे* त्याला थेट हुकूम देऊ शकतो, की एवढी रक्कम बायकोला द्या किंवा कोर्टात भरा. पगारदार असेल तर मालक. शेतकरी असेल तर? ऊस घातलेला कारखाना त्याचा देणेकरीच. डेअरीसुद्धा. फक्त वेळ साधावी लागते. उसाचं बिल कायद्यानं चौदा दिवसांत द्यायचं असतं. कारखाने उशीर करतात तो भाग वेगळा. बिल एकदा खात्यात पडलं की संपलं. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी अर्ज तयार ठेवायचा आणि तोड आली की घालायचा. ऊस भावाच्या किंवा आईच्या नावावर घालून पळवाट काढतात, त्यासाठी मागच्या दोन-तीन हंगामांची बिलं कुणाच्या नावावर होती ते दाखवावं लागतं.

काजूबी
पोटगी मंजूर होऊन दोन-तीन वर्षं एक पैसा आला नाही, तर सगळी थकबाकी मिळते का?

तालुका_कोर्ट
आदेश नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ (जुन्या फौजदारी संहितेचं १२५) खालचा असेल तर वसुलीच्या वॉरंटासाठी मुदत आहे: रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज. म्हणून वर्ष भरायच्या आत वसुलीचा अर्ज पडलाच पाहिजे, थकबाकी साठू द्यायची नाही. दिवाळी उरकल्यावर बघू म्हणता म्हणता मागचे महिने हातचे जातात.
आणि "नांदायला ये" अशी नोटीस किंवा त्याचा हुकूमनामा आला, आणि गेली नाही, तर पोटगी आपोआप बुडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलंय. पण नोटिशीला उत्तर द्या. न जाण्याचं कारण कागदावर आलं पाहिजे.

सीडीपीओ_ऑफिसजवळ
रेशन, आधार, बस. तिन्ही एकमेकांत अडकलेत म्हणून क्रमानं.
आधी मोबाईल. आधारला नवऱ्याचा नंबर जोडलेला असेल तर सगळे ओटीपी त्याला जातात. नंबर आधार केंद्रावर स्वतः जाऊन बदलता येतो. मग पत्ता, भाड्याचा करार वगैरे नसेल तर वडील किंवा आईच्या संमतीनं, कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलता येतो.
पत्ता इकडचा झाला की शक्ती योजनेतलं (कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट) शून्य तिकीट चालू होतं (११ जून २०२३ पासून, कर्नाटकचा रहिवासी पत्ता दाखवावा लागतो). आधारवर चंदगड तालुका असेल तर खानापूर-बेळगाव प्रत्येक तारखेला तिकीट काढा.
रेशन कार्डात सासरच्या कार्डावरून नाव कमी केल्याशिवाय इकडं नवीन चढत नाही. सासरचे मुद्दाम अडवतात. महाराष्ट्रातलं कार्ड असेल तर तिथल्या तहसीलच्या पुरवठा शाखेत स्वतःचा अर्ज द्या, सोबत कोर्टातल्या अर्जाची प्रत. कुटुंबप्रमुखाच्या सहीसाठी थांबू नका. इकडं वेगळं कार्ड झालं आणि त्यावर प्रमुख म्हणून तिचंच नाव आलं तर कर्नाटकच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार तिला मागता येतात. सासरच्या कार्डावर प्रमुख सासू, म्हणून पैसे सासूला. यातली मेख अशी की नवरा आयकर किंवा जीएसटी भरत असेल तर अर्ज अडतो, जरी तो एक रुपया देत नसला तरी. कर्नाटकची मनस्विनी पेन्शन चाळीस ते चौसष्ट वयाच्या अविवाहित आणि घटस्फोटितांना आहे. नुसती सोडलेली बाई तिथंही कागदावाचून अडकते.

पाचवी_तुकडी
शाळेचं: दाखला नाही म्हणून आठवीपर्यंत प्रवेश नाकारता येत नाही, शिक्षण हक्क कायदा कलम ५. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, दाखला शाळा मागवून घेते. महाराष्ट्रातून आलेल्या मुलाला इथं मराठी माध्यमातही कन्नड विषय येतो. पाचवी-सहावीतलं पोर अक्षर ओळखीपासून सुरू करतं आणि "ढ" ठरतं. वर्गशिक्षिकेला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. आणि मुलाला शाळेतून कोण नेऊ शकतं ते लेखी द्या, कोर्टाचा ताब्याचा आदेश असेल तर प्रतीसह. तोंडी सांगितलेलं शिपाई बदलला की संपतं.

रीबूट
फोन. व्हॉट्सॲपमध्ये "लिंक केलेली उपकरणं" उघडा, ओळखीचं नसेल ते काढा. गूगल खातं त्याच्या फोनवर चालू असेल तर लोकेशन, फोटो सगळं त्याला दिसतं. पासवर्ड बदला आणि इतर ठिकाणचं लॉगिन बंद करा. पण हे *घर सोडल्यावर* करा. आधी केलं तर त्याला कळतं आणि त्याच रात्री भांडण.
धमकीचे मेसेज पुसू नका, फोन विकू नका. नुसत्या स्क्रीनशॉटच्या प्रिंटवर कोर्ट भागत नाही, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन मागितला तर दाखवावा लागतो.

सडेतोड
सगळ्या बायका खऱ्या नसतात. खोट्या केसेसवर पण धागा काढा.

मलप्रभाकाठ
काढा की. वेगळा.

हिडकल
माहेरी जागाच नसेल तर? भावजय चार दिवस गोड बोलते.

सीडीपीओ_ऑफिसजवळ
सखी केंद्रात (हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) साधारण पाच दिवस ठेवतात. त्यापुढं शक्ती सदन, म्हणजे सरकारी आश्रयगृह, जुनं स्वाधार गृह. मुलगा बरोबर असेल तर त्याच्या वयाची अट आधी फोनवर विचारा; दारात गेल्यावर कळलं तर रात्रीची पंचाईत. सांत्वन केंद्रात समुपदेशन मिळतं, जाण्याआधी चालू आहे का तेही विचारा.
आणि घरगुती हिंसाचार कायद्याचं कलम १९ विसरू नका. घर सासूच्या नावावर असलं तरी, जिथं संसार केला तिथं राहण्याचा हक्क मागता येतो, २०२० चा सतीश आहुजा निकाल आहे. परत जायचंच नसेल तर त्याच कलमाखाली भाड्याचे पैसे मागा.

दूधगंगा
दागिन्यांचं राहिलं. आपल्याकडं सोनं बहुधा पतसंस्थेत नवऱ्याच्या नावानं गहाण असतं. गहाणाच्या पावतीचा फोटो, लग्नातले अंगावर दागिने असलेले फोटो, सराफाची पावती, जे मिळेल ते घेऊन ग्रॅमनिशी यादी करा. "सोनं दिलं होतं" एवढ्यावर काही मिळत नाही.

कडबू
त्यानं कोल्हापूरकडच्या कोर्टात घटस्फोट घातला आणि हिची केस बेळगावात, तर?

तालुका_कोर्ट
दोन वेगळी हायकोर्टं झाली. इकडचं धारवाड खंडपीठ, तिकडचं मुंबई हायकोर्टाचं कोल्हापूर सर्किट बेंच, जे ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं. त्यामुळं ती केस इकडं आणायचा अर्ज थेट सुप्रीम कोर्टात जातो, दुसरीकडं कुठं नाही. कायदा सेवेतून तोही फुकट होतो. तोपर्यंत तिकडच्या तारखा चुकवू नका, एकतर्फी हुकूमनामा होतो. व्हिडिओवरून हजेरी मागा, आणि हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली येण्याजाण्याचा खर्च मागा. घटस्फोट हिलाच हवा असेल तर हिनं आपल्या राहत्या ठिकाणी घातलेला चालतो, हिंदू विवाह कायद्याच्याच कलम १९ मध्ये २००३ पासून तशी सोय आहे.

आदेश झाला की कलम २४ प्रमाणं (हे घरगुती हिंसाचार कायद्याचं, वरचं नव्हे) त्याची प्रत फुकट मिळते. झेरॉक्स काढून एक माहेरच्या ठाण्यात, एक सासरच्या ठाण्यात, दोन्हीकडं पोच घेऊन द्या. कोर्ट पाठवतं म्हणतात, पण रात्री अकराला हवालदार आला की त्याच्या फायलीत ती असतेच असं नाही. एक प्रत शेजारणीकडं ठेवा, मूळ प्रत घराबाहेर कुणाच्या हातात देऊ नका.

काजूबी
लॅमिनेशन करून ठेवली तर चालेल?

तालुका_कोर्ट
नको. मागच्या बाजूला शिक्के मारून घ्यावे लागतात.